पऱ्हाटी कुजवणारी बुरशी आणि तिच्या जनुकाचा फेरफार

कापसाची शेवटची वेचणी उरकली की परभणी-जालन्याकडे बांधाबांधावर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. थोड्या चुलीला जातात, बाकीच्या तिथंच पेटवून देतात. वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून ढीग साठवू नका असं कृषी खातं सांगतं आणि ते खरंच आहे. पण मग जाळण्याशिवाय दुसरं करायचं काय? माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांना मी हे विचारलं, तर ते म्हणाले, "पऱ्हाटी कुठं कुजती व्हय मॅडम? पाचट कुजतं, भुसकट कुजतं. पऱ्हाटी जाळायचीच असती."

त्यांच्याच गोठ्यामागे मात्र दोन पावसाळे खाल्लेला एक जुना ढीग पडून होता. त्याच्या तळाची पऱ्हाटी ती पोरगी पिशवीत घालून प्रयोगशाळेत घेऊन आली. हातात घेतली तर वजनच नाही. साल गेलेली, आतलं लाकूड पांढुरकं, आणि नखाने दाबलं की सुतासारखे धागे सुटत होते. एका अंगाला बुरशीचा पातळ पापुद्रा चिकटलेला. लाकूड असं पांढरं पडून धाग्याधाग्याने सुटतं त्याला पांढरी कूज म्हणतात. लाकडातलं लिग्निन पुरतं मोडून काढणं ज्यांना जमतं, अशा मोजक्या जिवांत या पांढऱ्या कुजीच्या बुरश्या येतात.

या बुरशीतलं लिग्निन तोडणारं जनुक शोधायचं तिने मनावर घेतलं. त्यात तिचा दीड महिना वाया गेला. का गेला ते नीट मांडावं म्हणून हे लिहिते आहे, कारण पदव्युत्तर प्रकल्प करणारी कितीतरी लेकरं याच ठिकाणी अडतात, आणि चूक त्यांच्या मेहनतीत नसते.

आधी लिग्निन समजून घेऊ. जुन्या घरातली कुडाची भिंत आठवा. तुराट्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि वरून शेणमातीने लिंपायच्या. लाकडातही तसंच असतं. सेल्युलोजचे धागे म्हणजे तुराट्या, आणि त्यांच्या फटीफटीत शिरून सगळं घट्ट धरून ठेवणारं लिंपण म्हणजे लिग्निन. कापसाच्या सरकीवरचा धागा जवळपास निव्वळ सेल्युलोज असतो. त्याच झाडाच्या खोडात मात्र वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा लिग्निन असतं. एकाच झाडाचा कापूस मऊ आणि पऱ्हाटी चिवट, त्याचं मोठं कारण हे.

लिग्निन तोडायला इतकं अवघड का? सेल्युलोज ही एकाच मण्याची माळ आहे. ग्लुकोजचा मणी, मग ग्लुकोजचा मणी, आणि दोन मण्यांमधली गाठ दर वेळी तीच. ती गाठ कापणारी कात्री एकदा हाती आली की सगळी माळ सुटते. शेतकऱ्यांच्या ओळखीची ट्रायकोडर्मा बुरशी यात पटाईत आहे. लिग्निनमध्ये मणी तीन जातींचे, आणि ते एकमेकांना वाटेल तिथे, वाटेल तसे चिकटलेले. ठरलेली गाठच नाही, तर कात्री चालवायची कुठे? म्हणून पांढऱ्या कुजीच्या बुरशीने वेगळीच वाट धरली. तिची एन्झाइमं, म्हणजे पाठ्यपुस्तकातली विकरं, लिग्निनमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. इलेक्ट्रॉन गेला की तो रेणू डळमळतो आणि आपणहून तुटायला लागतो.

ही एन्झाइमं मुख्यतः चार. लिग्निन पेरॉक्सिडेज हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोरावर थेट काम करतं. मँगनीज पेरॉक्सिडेज मँगनीजचा एक आयन तयार करून पुढे धाडतं. तो आयन इवलासा असल्यामुळे एन्झाइम शिरणार नाही अशा फटीत शिरतो. व्हर्सटाइल पेरॉक्सिडेजला ही दोन्ही कामं येतात. चौथं लॅकेस. त्याच्या पोटात तांब्याचे चार अणू असतात आणि त्याला पेरॉक्साइड लागत नाही, हवेतला ऑक्सिजन पुरतो. यांतलं लॅकेस सगळ्यात आधी सापडलं. १८८३ मध्ये योशिदा या जपानी शास्त्रज्ञाला लॅकरच्या, म्हणजे चकचकीत रोगणाच्या, झाडाच्या चिकात त्याचा माग लागला. लिग्निन पेरॉक्सिडेज सापडायला त्यानंतर बरोबर शंभर वर्षं लागली. १९८३ मध्ये अमेरिकेत टीएन आणि कर्क यांनी फॅनरोकीटी क्रायसोस्पोरियम या बुरशीतून ते वेगळं केलं, आणि त्याच वर्षी गोल्ड यांच्या गटानेही.

आता सिक्वेन्सकडे. एन्झाइम हे प्रथिन असतं, आणि प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची लांब ओळ. प्रत्येक अमिनो आम्लाला इंग्रजीतलं एक अक्षर दिलेलं आहे. म्हणून अख्खं एन्झाइम कागदावर तीनशे-पाचशे अक्षरांच्या एका ओळीत लिहिता येतं. ही ओळ म्हणजे सिक्वेन्स. ती हाती आली की आपल्या बुरशीत तसलं जनुक आहे का हे तपासता येतं, ते जनुक यीस्टमध्ये घालून एन्झाइम जास्त प्रमाणात करून बघता येतं, दोन बुरश्यांची तुलना करता येते. आणि जगभरच्या अशा ओळी आज फुकट, कुणालाही खुल्या आहेत. परभणीच्या वसतिगृहात मोबाइलच्या डेटावर बसलेल्या पोरीला नेमकी तीच ओळ मिळते, जी बोस्टनमधल्या प्राध्यापकाला मिळते. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

अडचण ओळ मिळण्यात नाही. ओळीवर लावलेल्या नावात आहे.

हे समजायला सातबारा सगळ्यात उपयोगाचा. उताऱ्यावर कुणाचं तरी नाव असतंच, पण ते नाव कशाच्या आधारावर लागलं, खरेदीखताने, वारसाने की नुसत्या अर्जाने, हे कळायला फेरफार काढावा लागतो. सिक्वेन्सच्या डेटाबेसमध्येही प्रत्येक ओळीला गट नंबरासारखा एक क्रमांक असतो, आणि वर एक नाव. 'लॅकेस' असं नाव असलेल्या हजारो ओळी तिथे आहेत. त्यांतल्या थोड्याच ओळींच्या एन्झाइमवर कुणीतरी प्रयोगशाळेत काम करून ते लॅकेस असल्याचं दाखवलेलं आहे. बाकीच्यांना नाव लागलंय ते सारखेपणावरून. एका ओळीशी दुसरी जुळली म्हणून संगणकाने तेच नाव दिलं, तिच्याशी तिसरी जुळली म्हणून तिलाही. वारसाने वारस लागत गेले आणि मूळ मालकाशी असलेलं नातं पातळ होत गेलं.

माझ्या विद्यार्थिनीचं तेच झालं. तिने जेनबँक या सिक्वेन्सच्या कोठारात 'लॅकेस' आणि 'बुरशी' असे दोन शब्द टाकले, आलेल्या यादीतली एक चांगली लांबसडक ओळ उचलली आणि तिच्यावरून प्रायमर मागवले. प्रायमर म्हणजे जनुकाचा तुकडा पकडून त्याच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे दोन छोटे चिमटे. सहा आठवडे पीसीआर, म्हणजे या प्रती काढायची क्रिया, लावलं, पण प्रती निघाल्याची एक पट्टी जेलवर दिसेना. तापमान बदललं, मॅग्नेशियम बदललं, डीएनए नव्याने काढला. शेवटी आम्ही दोघी त्या ओळीची नोंद उघडून शब्द न् शब्द वाचायला बसलो. ती ओळ एका काळ्या मोल्डच्या जीनोममधली, म्हणजे त्याच्या अख्ख्या डीएनएतली होती, कुळाने आमच्या बुरशीपासून फार लांबची. तिथलं ते एन्झाइम लिग्निन तोडतं याचा कुठलाही पुरावा नोंदीत नव्हता. अशा मोल्डमध्ये लॅकेसच्या कुळातली एन्झाइमं बीजाणूंचा रंग बनवायलाही कामी येतात. नाव बरोबर, एन्झाइमचं कूळ बरोबर, आणि आमच्या कामाला तरीही निरुपयोगी.

तर शोध कुठून सुरू करावा? जेनबँकपासून नाही, असं माझं ठाम मत आहे. जेनबँक १९८२ पासूनचं अमेरिकेतलं मोठं कोठार आहे. युरोप आणि जपानमधल्या कोठारांशी त्याची रोज देवाणघेवाण चालते, म्हणून तिन्हीकडे माल तोच. तिथे सगळं मिळतं, आणि सगळं मिळतं हीच नवख्याची पंचाईत. सुरुवात करावी ती माणसांनी वाचून तपासलेल्या नोंदींपासून.

अशी एक जागा म्हणजे युनिप्रॉट. तिचे दोन भाग आहेत. स्विसप्रॉट हा भाग १९८६ मध्ये जिनिव्हात आमोस बैरोख यांनी सुरू केला. त्यातली प्रत्येक नोंद माणसाने शोधनिबंध वाचून तपासलेली असते. तिथे साडेपाच लाखांच्या वर नोंदी आहेत. दुसरा भाग ट्रेम्बल, तिथल्या नोंदी कोटींच्या हिशोबात आहेत आणि त्या संगणकाने भरलेल्या. शोधताना 'रिव्ह्यूड' एवढी एक खूण केली की फक्त तपासलेला भाग समोर येतो. प्रत्येक नोंदीत पुराव्याची पायरीही लिहिलेली असते: प्रत्यक्ष प्रथिन पाहिलंय, फक्त आरएनए, म्हणजे जनुकाची पेशीने काढलेली नक्कल, पाहिलाय, सारखेपणावरून म्हटलंय, की नुसता अंदाज आहे. हाच आपला फेरफार. तो न वाचता ओळ उचलू नये.

दुसरी जागा कॅझी. फ्रान्समधल्या मार्सेय इथे चालणारा हा डेटाबेस मुळात साखरेच्या साखळ्या तोडणाऱ्या आणि जोडणाऱ्या एन्झाइमांचा. लिग्निनची एन्झाइमं लाकडात त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात, म्हणून २०१३ मध्ये त्यांच्यासाठी तिथे 'एए' नावाचा वेगळा वर्ग उघडला. एए१ मध्ये लॅकेस आणि त्याचे भाऊबंद, एए२ मध्ये वरची तिन्ही पेरॉक्सिडेज. प्रत्येक कुळाच्या पानावर 'कॅरॅक्टराइज्ड' असा एक भाग आहे. तिथे फक्त प्रयोगाने पारखलेली एन्झाइमं दिसतात. एए१ च्या आतही पोटकुळं आहेत. पहिलं खऱ्या लॅकेसचं, दुसरं लोहावर काम करणाऱ्यांचं, तिसरं लॅकेससारख्या दिसणाऱ्यांचं. आम्हाला हे आधी कळलं असतं तर सहा आठवडे वाचले असते.

शोधताना नावाने शोधू नका, नंबराने शोधा. एन्झाइमांना त्यांच्या कामावरून जागतिक नंबर दिलेले आहेत. लॅकेस १.१०.३.२, मँगनीज पेरॉक्सिडेज १.११.१.१३, लिग्निन पेरॉक्सिडेज १.११.१.१४, व्हर्सटाइल १.११.१.१६. नावं काळागणिक बदलत गेली. लिग्निन पेरॉक्सिडेजला जुन्या नोंदींत 'लिग्निनेज' म्हटलेलं सापडतं. बुरश्यांचीही तीच गत: फॅनरोकीटी क्रायसोस्पोरियमला आता फॅनरोडोन्शिया क्रायसोस्पोरियम असंही म्हणतात आणि युनिप्रॉटमध्ये ती याच नावाने बसली आहे. जुनं नाव टाकणाऱ्याला वाटतं, नोंदच दिसत नाही. म्हणून जिवासाठीही नंबर वापरावा. सगळ्या बुरश्यांचा वर्गीकरण क्रमांक ४७५१ आहे. तो टाकला की वनस्पती आणि जिवाणू गळून पडतात. लॅकेसच्या बाबतीत हे करावंच लागतं, कारण झाडांमध्येही लॅकेस असतं आणि ते तिथे लिग्निन बांधायचं काम करतं! तेच नाव, तोच नंबर, काम थेट उलटं.

आता एक नोंद उघडून जवळून पाहू. युनिप्रॉटमध्ये पी०६१८१ हा क्रमांक टाका, अक्षर अर्थातच इंग्रजीतलं. हे 'लिग्निनेज एच८', टीएन-कर्क यांच्या बुरशीतलंच, ज्याच्या जनुकाची ओळ १९८७ मध्ये वाचली गेली. ओळीची लांबी ३७२ अक्षरं. पण बुरशी हे एन्झाइम पेशीबाहेर सोडताना सुरुवातीची २८ अक्षरं कापून टाकते. तो भाग पाकिटावरच्या पत्त्यासारखा असतो, मुक्कामी पोचल्यावर त्याचं काम संपतं. प्रत्यक्ष काम करणारं एन्झाइम उरतं ३४४ अक्षरांचं. या एन्झाइमचं मर्म आहे त्याच्या पृष्ठभागावरचं ट्रिप्टोफॅन नावाचं एक अमिनो आम्ल. लिग्निनमधला इलेक्ट्रॉन त्याच्यातून आत जातो. शोधनिबंधांत त्याला १७१ वा ट्रिप्टोफॅन म्हणतात. तुम्ही डेटाबेसमधल्या ओळीत १७१ वं अक्षर मोजाल तर तिथे तो नसणार. तो आहे १९९ व्या जागी, कारण निबंधातली मोजणी कापलेल्या ओळीची आणि डेटाबेसमधली अख्ख्या ओळीची. १७१ अधिक २८. यात घोळ घालून चुकीचं अक्षर बदललेले प्रकल्प मी पाहिले आहेत.

अशी मर्माची अक्षरं हीच खरी ओळख. मँगनीज पेरॉक्सिडेजमध्ये मँगनीज धरायला तीन आम्लधर्मी अक्षरं लागतात. फॅनरोकीटीमध्ये त्यांच्या जागा, कापलेल्या ओळीच्या मोजणीने, ३५, ३९ आणि १७९. ज्या ओळीत ती तिन्ही आहेत आणि ट्रिप्टोफॅन नाही, ते मँगनीज पेरॉक्सिडेज. ट्रिप्टोफॅन आहे आणि मँगनीजची बैठक नाही, ते लिग्निन पेरॉक्सिडेज. दोन्ही आहेत, ते व्हर्सटाइल. वर नाव काहीही लिहिलेलं असो. लॅकेससाठी ओळीच्या शेवटाकडे तांब्याची बैठक शोधावी. बुरश्यांच्या लॅकेसमध्ये ती बहुतेक वेळा एच-सी-एच-आय-डी-डब्ल्यू-एच अशी वाचायला मिळते. डोळ्यांना सवय झाली की पाचशे अक्षरांत ती सात अक्षरं चटकन उठून दिसतात.

आपल्याकडे भुसकटावर जी धिंगरी अळिंबी घेतात, तिच्यावरच्या कामात या पारखणीचं महत्त्व कळतं. धिंगरीत लिग्निन पेरॉक्सिडेज सापडलं असं सर्रास लिहितात. पण तिचा अख्खा जीनोम वाचलेला आहे आणि त्यात त्याचं जनुक नाही. मँगनीज आणि व्हर्सटाइल पेरॉक्सिडेज मात्र आहेत. लिग्निन पेरॉक्सिडेजची नेहमीची चाचणी व्हेराट्रिल अल्कोहोल या रसायनावर होते, आणि व्हर्सटाइलही त्या चाचणीत पास होतं. चाचणी खोटी नाही, तिच्यावरून दिलेलं नाव घाईचं आहे.

तपासलेल्या पाच-दहा ओळी हातात आल्या की मग ब्लास्ट. १९९० मध्ये आलेला हा प्रोग्रॅम आपली ओळ घेतो आणि जगभरच्या ओळींशी ताडून पाहतो. नवख्यांची नजर फक्त किती टक्के जुळलं यावर जाते. किती लांबीभर जुळलं हेही तितकंच बघावं. लॅकेसच्या शेकडो नोंदी अर्धवट आहेत, जेमतेम ५०-६० अमिनो आम्लांच्या, कारण १९९६ पासून वापरात असलेली प्रायमरची एक लोकप्रिय जोडी जनुकाचा डीएनएच्या सुमारे २०० अक्षरांचाच तुकडा उचलते. पूर्ण लॅकेस पाचशे अमिनो आम्लांच्या आसपास असतं. शोधताना लांबीची अट घातली तर हा चुरा बाजूला होतो. आणि शक्य तिथे प्रथिनाची ओळ प्रथिनाशी ताडावी, डीएनए डीएनएशी नाही. बुरशीच्या डीएनएत जनुकाच्या मधेमधे प्रथिनात न उतरणारे तुकडे असतात आणि ते जुळणी बिघडवतात.

अख्खे जीनोम हवे असतील तर मायकोकॉझम. अमेरिकेतल्या जॉइंट जीनोम इन्स्टिट्यूटचं हे बुरश्यांचं दालन. फॅनरोकीटीचा जीनोम याच संस्थेने वाचला, २००४ मध्ये, सुमारे तीन कोटी अक्षरांचा. त्यात लिग्निन पेरॉक्सिडेजची दहा आणि मँगनीज पेरॉक्सिडेजची पाच जनुकं निघाली, आणि नेहमीचं लॅकेस एकही नाही. २०१२ मध्ये ३१ बुरश्यांचे जीनोम शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा लिग्निन तोडायची ही करामत सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीची असल्याचं दिसलं. तपकिरी कूज करणाऱ्या बुरश्यांनी ही पेरॉक्सिडेज पुढे गमावली हेही कळलं. मायकोकॉझमवरचे काही जीनोम अजून प्रसिद्ध झालेले नसतात. ते आपल्या लेखात वापरण्याआधी मूळ गटाची परवानगी घ्यावी लागते, आणि ती घ्यावीच.

आमच्या पऱ्हाटीच्या बुरशीकडे परत येते. ग्वायाकॉल, म्हणजे ऑक्सिडेशन झालं की रंग धरणारं रसायन, घातलेल्या प्लेटवर ती वाढवली तर तिसऱ्या दिवशी तिच्याभोवती विटकरी रंगाचं कडं उमटलं. काहीतरी ऑक्सिडेशन करणारं बाहेर पडतंय एवढं त्यावरून कळलं. या वेळी पोरीने आधी कॅझीमधल्या पारखलेल्या, पांढऱ्या कुजीच्या बुरश्यांच्या ओळी घेतल्या, एकाखाली एक मांडल्या आणि सगळ्यांत सारख्या असलेल्या जागा बघितल्या. त्या जागा पकडणारी प्रायमरची जोडी तयारच होती, वर सांगितलेली. दुसऱ्याच दिवशी जेलवर २०० च्या जवळ स्वच्छ पट्टी आली. ओळ वाचून आली तेव्हा ती आनंदाने म्हणाली, "मॅडम, तांब्याची बैठक दोन्ही टोकांना आहे!" मी तिला म्हटलं, "अगं, ती टोकं तुझ्या प्रायमरची आहेत, बुरशीची नाहीत. मधलं वाच." मधलंही लॅकेसचंच निघालं. पण ती सात अक्षरं या तुकड्याच्या फार पुढे असतात, त्यासाठी पूर्ण जनुक काढावं लागेल. ते काम आता सुरू आहे.

मधल्या काळात तिने तो तुकडा जेनबँकमध्ये जमा करायला घेतला. जनुकाच्या नावाच्या रकान्यात तिने 'लॅकेस, अर्धवट' एवढंच लिहिलं. लिग्निन तोडणारं असं लिहिलं नाही, कारण ते अजून दाखवलेलं नाही. ठिकाणाच्या रकान्यात भारत, महाराष्ट्र, परभणी. मग बुरशी कशावरून घेतली तो रकाना आला आणि तिथे ती थांबली.

"मॅडम, पऱ्हाटीला काय लिहू?"

"कॉटन स्टॉक लिही. आणि दोन पावसाळे भिजलेली होती, तेही लिही."